तिला या वेळी तरी वाचवा

[दृश्य : लॅमिंग्टन रोड, सकाळ. दुकानांची शटर वर जातायत. हातगाडीवरून मॉनिटरचे खोके उतरतायत.]

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण अख्खी मुंबई या रस्त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. केबल, रेडिओचे सुटे भाग, कॉम्प्युटर, प्रिंटरची शाई, काय हवं ते इथे मिळतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथल्या फुटपाथवर गेमच्या सीडी मिळायच्या. प्लास्टिकची पिशवी, झेरॉक्सचं कव्हर आणि त्यावर मार्करने लिहिलेलं नाव. ती चोरीच होती, आणि आमच्यासारख्यांपर्यंत हे गेम पोचायला दुसरी वाटही नव्हती.

माझा चुलत भाऊ, आमचा दादा, गिरगावातून चालत इथे यायचा. घरी प्लेस्टेशन होता, टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र; चोरीच्या सीडी चालाव्यात म्हणून त्यात चिप मारलेली. १९९९ च्या मे महिन्यात त्याने तीन सीडींचा एक गेम आणला. फायनल फँटसी सेव्हन.

[दृश्य : गिरगावातली चाळ. सामाईक गॅलरी, दोरीवर वाळत घातलेले कपडे.]

खोली एक, टीव्ही एक. मोठ्यांच्या मालिका संपल्या की टीव्ही आमचा. दादा खेळायचा, मी सतरंजीवर त्याच्या शेजारी बसून अडलेले शब्द डिक्शनरीत शोधून द्यायचे. दोघंही मराठी माध्यमातले. या गेममधली पात्रं तोंडाने बोलत नसत, चौकोनात वाक्यं उमटायची. एकदा एक वाक्य आलं, 'धिस गाय आर सिक'. आम्ही ते तीनदा वाचलं. दादा म्हणाला, "अगं, हे चुकलंय." छापलेलं इंग्रजीही चुकू शकतं, हे आम्हाला त्या रात्री कळलं.

ते वाक्य एरिसच्या तोंडी होतं. पुढे इंग्रजीत तिचं नाव एरिथ झालं, म्हणून आपणही तेच नाव घेऊ. झोपडपट्टीतल्या पडक्या चर्चमध्ये फुलं वाढवणारी आणि रस्त्यावर ती विकणारी मुलगी. दादाने तिच्यावर किती मेहनत घेतली ते मी पाहिलंय. 'ग्रेट गॉस्पेल' नावाचं तिचं सगळ्यात मोठं अस्त्र मिळवायला त्याने चार रात्री घालवल्या.

आणि पहिली सीडी संपत असताना ती मेली.

तो प्रसंग सावकाश सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पाण्याच्या मधोमध एक चौथरा. एरिथ गुडघे टेकून प्रार्थना करतेय. नायक क्लाउड तिच्याजवळ पोचतो. ती डोळे उघडून त्याच्याकडे बघते, हसते. वरून खलनायक सेफिरॉथ उतरतो आणि त्याची लांब तलवार तिच्या आरपार जाते. तिच्या केसांच्या फितीत बांधलेला एक पांढरा मणी सुटतो. पायरीवर टण्, खालच्या पायरीवर टण्, आणि मग पाण्यात. लगेच लढाई सुरू होते, पण लढाईचं संगीत वाजतच नाही. नोबुओ उएमात्सु यांनी तिच्यासाठी रचलेली तीच हळवी धून चालू राहते. समोर राक्षस, हातात कंट्रोलर, बटणं दाबावी तर लागतातच.

दादाला वाटलं, सीडी खराब आहे. त्याने ती बाहेर काढली, गंजीने पुसली, मेमरी कार्डावरचा जुना सेव्ह लोड केला. पुन्हा तेच. मग त्याने वेगळे मार्ग धरले, वेगळी उत्तरं निवडली. तीन रात्री. चौथ्या दिवशी तो सीडी घेऊन लॅमिंग्टन रोडला गेला, मीही सोबत होते. सीडीवाल्याने ती उन्हात धरून बघितली आणि परत दिली. म्हणाला, "सीडी चांगली आहे. सगळ्यांचीच मरते."

[दृश्य : जुन्या टीव्हीवर खेळाचा मेनू. पात्रांच्या यादीत एक जागा रिकामी.]

हा गेम जपानमध्ये ३१ जानेवारी १९९७ ला आला. फायनल फँटसी मालिकेचे जनक हिरोनोबु साकागुची यांची आई मालिकेतला तिसरा गेम घडत असताना गेली. माणूस गेल्यावर त्याच्यातल्या जिवाचं काय होतं, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मनात होता आणि तोच या गेमच्या मुळाशी आहे. दिग्दर्शक योशिनोरी कितासे यांनीही पुढे सांगितलं की खरं मरण अचानक येतं आणि मागे पोकळी सोडून जातं, तीच त्यांना दाखवायची होती.

ती पोकळी त्यांनी मेनूत दाखवली. एरिथ गेल्यावर यादीतली तिची जागा रिकामीच राहते. तिच्यावर घेतलेली मेहनत परत मिळत नाही. गेमच्या उत्तरार्धात पुन्हा त्या चर्चमध्ये गेलात, तर फुलांपाशी ती क्षणभर दिसते आणि नाहीशी होते.

गेममध्ये हरलं तर पुन्हा खेळता येतं, अडलं तर लेव्हल वाढवता येते. सगळ्याला उपाय असतो, हा खेळणाऱ्याचा आणि खेळाचा करारच आहे. या एका मरणाला उपाय नव्हता. म्हणून तर तिला जिवंत करण्याच्या युक्त्यांच्या अफवा जगभर पसरल्या, आणि आमच्या चाळीपर्यंतही पोचल्या.

[दृश्य : कांदिवली. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट.]

चाळ सुटली, दादा कांदिवलीला आला. १० एप्रिल २०२० ला या गेमचा रिमेक निघाला. लोकल बंद, रस्ते ओस, घराबाहेर पडायची सोय नाही, अशा दिवसांत दादाने तो खेळायला घेतला.

या रिमेकमध्ये झगे घातलेली भुतं आहेत, त्यांना व्हिस्पर्स म्हणतात. कथा जुन्या वाटेवरून जरा हलली की ती येतात आणि तिला ढकलून जागेवर आणतात. बॅरेट नावाच्या सोबत्याच्या छातीत तलवार घुसते तेव्हा हीच भुतं त्याला जिवंत करतात, कारण मूळ कथेत त्याचं मरण तिथे लिहिलेलंच नाही. म्हणजे १९९७ ची संहिताच पात्र होऊन रिमेकमध्ये वावरतेय! शेवटी नायकमंडळी या भुतांशी लढतात आणि जिंकतात. नियती हरते.

दादाने रात्री एक वाजता मला फोन केला. एकच वाक्य बोलला, "आता वाचेल गं ती."

रिमेकचा दुसरा भाग, रीबर्थ, २९ फेब्रुवारी २०२४ ला आला. तोवर दादाची मुलगी, माझी भाची, तेरा वर्षांची झाली होती, आणि आता कंट्रोलर तिच्या हातात होता. त्या चौथऱ्यापाशी आम्ही सगळे हजर होतो. सेफिरॉथ वरून येतो. या वेळी क्लाउड तलवार अडवतो. दादा उभाच राहिला. मग चित्र थरथरतं, आणि रक्त दिसतं. क्लाउडला एरिथ जिवंत दिसत राहते, बाकीचे रडत असतात.

भाचीने विचारलं, "आत्या, ती मेली की नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं खरं दुखणं इथे आहे. जुन्या गेममध्ये आम्ही रडलो होतो. या वेळी आम्ही तर्क लढवत बसलो, ही दुसरी दुनिया की क्लाउडचा भ्रम. शोक करायच्या जागी कोडं येऊन बसलं. आणि नियती एकदा लढून हरवता येणारा बॉस, खेळातला मोठा शत्रू, झाली की 'सगळ्यांचीच मरते' या वाक्यातला जीव जातो. रीबर्थ बनवणाऱ्यांचं या कथेवर प्रेम आहे, ते जागोजागी दिसतं. तरी त्या चौथऱ्यावर त्यांनी धाडसही अर्धं केलं आणि दुःखही अर्धंच दिलं. रिमेकचा तिसरा भाग बाकी आहे, तो हे भरून काढू शकेल.

मग शेवट बदलूच नये का? मीही तेच म्हणणार होते. पण आत काकू होती.

[दृश्य : काकूंच्या हातातलं जुनं, शिवण सुटलेलं संस्कृत पुस्तक.]

दादाची आई, माझी काकू, शाळेत संस्कृत शिकवायची. आमचा गोंधळ ऐकून ती बाहेर आली आणि सगळी कथा पहिल्यापासून सांगा म्हणाली. आम्ही सांगितली. ती म्हणाली, "अरे, हे आपल्या भवभूतीने करून ठेवलंय."

भवभूती आठव्या शतकातला, विदर्भातल्या पद्मपूरचा. वाल्मीकींच्या रामायणात सीता शेवटी धरणीच्या पोटात जाते. 'उत्तररामचरिता'त भवभूतीने ते बदललं आणि राम-सीतेला पुन्हा एकत्र आणलं. पण कसं? पहिल्याच अंकात राम-सीता आपल्याच आयुष्याची चित्रं बघत असतात. तिसऱ्या अंकात राम पंचवटीत विलाप करतो, आणि त्याला न दिसणारी सीता तो ऐकत उभी असते. सातव्या अंकात वाल्मीकी रामासमोर नाटक लावतात, नाटकातलं नाटक, त्यात टाकलेल्या सीतेचे हाल दाखवतात. राम भान हरपून तिला हाक मारतो. हे नाटक आहे, असं लक्ष्मणाला सांगावं लागतं. राम मूर्च्छित पडतो. आणि तेव्हा कुठे खरी सीता येऊन त्याला स्पर्श करते.

काकूने चष्मा पुसला. "त्याने सीता फुकट परत दिली नाही रे. आधी रामाला सगळं बघायला लावलं, भोगायला लावलं. आणि वाल्मीकींचं रामायण त्याने कुणाच्या घरातून काढून नेलं नाही."

माझं मत तिथे बदललं. शेवट बदलायला माझी आता हरकत नाही. जुनं दुःख पूर्ण भोगल्याशिवाय नवा शेवट हाती देऊ नये आणि मूळ कृती लोकांच्या हातातून काढून घेऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.

पहिली गोष्ट जमते, हे सायलेंट हिल टूने दाखवलं. २००१ चा गेम, रिमेक ऑक्टोबर २०२४ मधला. मेलेल्या बायकोचं पत्र आलं म्हणून जेम्स नावाचा माणूस धुक्यातल्या गावात येतो. शेवट कोणता मिळणार हे तुमच्या वागण्यावर ठरतं. जखमी असताना उपचार न करता हिंडत राहिलात, तर याला जगायची इच्छाच नाही, असं गेम धरून चालतो. रिमेकमध्ये जुने शेवट सगळे ठेवले आणि दोन नवे घातले. कुणाचंही जुनं दुःख पुसलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट मात्र सारखी बिघडते. आपल्याकडे घरोघरच्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी असायचा. २०२१ मध्ये त्याची आणि त्याच्या दोन भावंडांची नवी आवृत्ती आली तेव्हा जुने गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले. लोकांनी ओरड केली, मग कॉम्प्युटरवरचे परत आले. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजून दाखवलं की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात रीतसर मिळत नाहीत.

[दृश्य : गिरगाव. रहदारी. जिथे एकेकाळी कॉरोनेशन थिएटर होतं तो भाग.]

हे गिरगावाला नवीन नाही. ३ मे १९१३ ला इथल्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. चार रिळांचा. १९१७ मध्ये फाळक्यांनी स्वतःच तो नव्याने काढला. आज जी रिळं उरली आहेत ती १९१३ ची नसून १९१७ ची आहेत, असं काही चित्रपट-अभ्यासक मानतात. तसं असेल, तर रिमेक उरला आणि मूळ चित्रपट गेला. आमच्या चाळीपासून कॉरोनेशनची जागा हाकेच्या अंतरावर. सीडी पुसून पुसून बघणाऱ्या दादाला तेव्हा हे माहीत असायचं काही कारण नव्हतं.

[दृश्य : कांदिवली, रात्र. टीव्हीवर चौकोनी हातापायांची जुनी पात्रं.]

फायनल फँटसी सेव्हनचा १९९७ चा गेम आजच्या यंत्रांवरही विकत मिळतो. या वेळी दादाने तो पैसे देऊन घेतला. भाची आधी त्या ठोकळ्यांसारख्या हातांना हसली. दोन दिवसांनी हसणं थांबलं.

"बाबा, यात तरी वाचवता येते का तिला?"

"खेळून बघ," दादा म्हणाला.

काल रात्री मी गेले तेव्हा ती एका गावातल्या शस्त्रांच्या दुकानात होती. क्लाउडची तलवार जुनीच ठेवून तिने सगळे पैसे एरिथच्या नव्या काठीवर खर्च केले. काकू सोफ्यावरून बघत होती. दादाने पंखा एकने वाढवला आणि सतरंजीवर तिच्या शेजारी जाऊन बसला.