उडतंय का डुलतंय?

(दृश्य : करी रोड स्टेशनजवळची गल्ली, दुपारची वेळ. भिंतीला टेकवलेल्या काळ्या सायकली. खोक्यावर बसलेले मिस्त्री.)

"काका, मागचं चाक बघा जरा. लई तरास देतंय."

"उडतंय का डुलतंय?"

"ते मला काय कळतंय! ब्रेक दाबला की धक्के बसतात."

"मग उडतंय."

निदान झालं. मिस्त्रींनी सायकलला अजून हातसुद्धा लावलेला नाही.

चाक आउट होतं, म्हणजे सरळ आणि गोल फिरेनासं होतं, ते दोन तऱ्हांनी. मागून बघितल्यावर रिम डावी-उजवीकडे झुलताना दिसली, तर चाक डुलतंय. बाजूने बघितल्यावर वर-खाली होताना दिसली, म्हणजे गोलाईच बिघडली असेल, तर चाक उडतंय. बहुतेक सायकलींत डुलणं आधी लक्षात येतं, कारण ब्रेकचे रबर रिमच्या दोन्ही कडांना चिमटीत धरतात आणि रिम झुलली की एका बाजूला घासतात. या काळ्या सायकलींना मात्र सळ्यांचे ब्रेक आहेत. त्यांचे रबर रिमच्या आतल्या अंगाला, तारांच्या बाजूने, दाबले जातात. रिम थोडी झुलली तर या ब्रेकला फारसा फरक पडत नाही. पण गोलाई बिघडली असेल, तर चाकाच्या प्रत्येक फेरीला रबरावरचा दाब कमी-जास्त होतो आणि हातातली दांडी धक्का देते. गिऱ्हाईक 'धक्के' म्हणालं आणि मिस्त्रींना तेवढं पुरलं.

(दृश्य : डबेवाल्याची सायकल. हँडलला दोन्हीकडे पिशव्या, मागे कॅरिअरवर रिकामी क्रेट.)

गिऱ्हाईक डबेवाले आहेत. पांढरी टोपी, मावळची बोली. डबे पोचवून झालेत, रिकामे डबे उचलायला अजून थोडा अवकाश आहे. डबे वाहण्याचा हा धंदा 1890 पासून चालत आलाय. त्याच्या चोख हिशोबाचं कौतुक पुष्कळ होतं. तो हिशोब ज्या चाकांवर चालतो, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

वास्तविक ही चाकं या कामासाठी बनलेलीच नाहीत. जुन्या धाटणीच्या या सायकलींना पुढे बत्तीस तारा असतात आणि मागे चाळीस. हिशोब सरळ आहे : चालवणाऱ्याचं वजन मागे पडतं, म्हणून मागे तारा जास्त. पण डबेवाल्याच्या हँडलला दोन्हीकडे पिशव्या लटकतात. म्हणजे ज्या चाकाला आठ तारा कमी, त्याच्यावरही कारखान्याने धरलेल्यापेक्षा जास्त ओझं. भरीला पावसाळा. खड्डा पाण्याने भरला की किती खोल आहे ते दिसत नाही, आणि हातगाडी, टॅक्सी, बेस्टची बस यांच्यामधून वाट काढताना तो चुकवायला जागाही नसते.

मिस्त्री आधी टायर बघतात, तारा कसायची चावी नंतर. रिमच्या कडेजवळ टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडे कडेपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. टायर एका जागी नीट बसलेलं नसेल तरी चाक उडतं, आणि मग रिम बिचारी उगाच मार खाते. त्यानंतर चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवून बघायचं. आत खुळखुळ लागली तर कोन, म्हणजे चाकाच्या आसावरचे छर्रे जागेवर धरणारे शंकूसारखे नट, ढिले आहेत. ते आधी कसायचे. ढिल्या कोनांवर आउट काढायला बसणं म्हणजे वाळूत रेघा ओढणं. इथे टायर ठीक आहे, कोनही ठीक आहेत. बिघाड रिमचाच आहे.

(दृश्य : चाक सायकलवरून उतरतं, टायर-ट्यूब निघते. भिंतीजवळच्या लाकडी ठोकळ्यात ठोकलेला जुना चिमटा, म्हणजे सायकलचं पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, टोकं वर. चाक त्यात बसतं.)

महागड्या गेअरच्या सायकलींच्या दुकानात या कामाचा वेगळा स्टँड असतो, त्याला मापाच्या सुया असतात. इथे हा चिमटा आहे. हिंद सायकलचा. हिंदचा कारखाना इथून फार लांब नव्हता, वरळीला. कारखाना गेला, त्याचा हा चिमटा ठोकळ्यात राहिला. सुईच्या जागी खडूचा तुकडा. चिमट्याच्या पायावर हात टेकवून खडू रिमच्या अगदी जवळ आणायचा आणि चाक हळू फिरवायचं. जिथे रिम वर येते तिथे पांढरी खूण उमटते. बाकी रिम कोरी.

आता जरा चाकाकडे बघू.

बैलगाडीच्या चाकातला लाकडी आरा ओझं खालून पेलतो. जाड आहे, ताठ आहे, त्याच्यावर उभं राहता येतं. सायकलच्या चाकातली तार जेमतेम दोन मिलिमीटर जाडीची. तिला उभं करून वर हात टेकवा, लगेच वाकेल. तारेला ढकलता येत नाही, तिला फक्त ओढता येतं. म्हणून चाक बांधतानाच प्रत्येक तार ताणून ठेवलेली असते. सगळ्या तारा रिमला आतल्या बाजूला खेचत असतात, आणि या ओढाताणीत रिम मधोमध, गोल राहते. ओझं आलं की खाली, रस्त्याजवळ असलेल्या दोन-चार तारांचा ताण थोडा उतरतो. बाकीच्यांना जवळजवळ पत्ताही लागत नाही. खालच्या तारांत ताण शिल्लक आहे तोवर चाक भक्कम. तो पार संपला, की तार मोकळी हलायला लागते.

1869 साली पॅरिसमध्ये यूजीन मेयरने तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. 1874 मध्ये कव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबमधून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, सरळ बाहेर न काढता तिरप्या काढल्या, एकमेकींना छेद देत जाणाऱ्या. पायडलचा जोर हबमधून रिमपर्यंत पोचवायचा, तर तारा तिरप्याच हव्यात. करी रोडच्या या चाकात अजून तीच मांडणी आहे.

असं अठ्ठावीस इंची चाक एका किलोमीटरमध्ये साधारण साडेचारशे वेळा फिरतं. म्हणजे प्रत्येक तार एका किलोमीटरमध्ये साडेचारशे वेळा सैलावते आणि पुन्हा ताणली जाते. ताण पुरेसा असेल तर ती हे वर्षानुवर्षं सोसते. तो कमी पडला तर हबपाशी, जिथे तार वाकून भोकात शिरते त्या कोपरात, दर फेरीला ती हलते आणि एक दिवस तिथेच तुटते. ढिल्या तारेचं निप्पल, म्हणजे तारेचं टोक रिममध्ये धरून ठेवणारा आट्यांचा बारीक नट, रस्त्याच्या हादऱ्यांनी आपोआप आणखी सुटत जातं, ते वेगळंच. तार ताणून धरल्याने तुटते असा समज सगळीकडे आहे. मिस्त्री हसतात. त्यांच्या डब्यात जमलेल्या तुटक्या तारांतल्या बहुतेक ढिल्या होत्या.

(दृश्य : मिस्त्रींची बोटं. खाचांची गोल चावी. निप्पलवर रॉकेलचा थेंब.)

मुंबईच्या हवेत लोखंड शांत बसत नाही. तार लोखंडी, निप्पल गंजलेलं. सरळ चावी लावून जोर केला तर निप्पलचे चौकोनी कोपरे झिजून ते गोल होतं आणि मग चावी घसरते. म्हणून आधी रॉकेल, मग थोडं थांबायचं, मग मशीन ऑइल. एवढ्या वेळात एक चहा होतो.

आणि इथे नवशिक्याचा घोळ ठरलेला. आटे नेहमीसारखेच, उजवे. पण निप्पलचं डोकं रिमच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि आपण बघतोय आतून, हबच्या बाजूने. त्यामुळे घट्ट करताना चावी डावीकडे फिरते. हे एकदा हाताला कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही.

खडूची खूण सहा तारांवर पसरली आहे. मधल्या दोन तारांना अर्धा फेरा, त्यांच्या शेजारच्यांना पाव. डावीकडून आलेली एक, उजवीकडून आलेली एक, अशी जोडी धरूनच. एकाच बाजूच्या तारा ओढल्या तर उंचवटा खाली बसेल खरा, पण चाक डुलायला लागेल. डुलणं काढायचं असतं तेव्हा उलट : रिम उजवीकडे गेली असेल तर डावीकडच्या तारा घट्ट, उजवीकडच्या तेवढ्याच सैल. निप्पलच्या एका पूर्ण फेऱ्यात तार अर्धा मिलिमीटरसुद्धा आत जात नाही. तरी मिस्त्री पूर्ण फेरा कधीच देत नाहीत. पाव, अर्धा, चाक फिरवून बघ. पुन्हा पाव. आणि प्रत्येक वेळी चावी गरजेपेक्षा किंचित पुढे नेऊन मागे आणतात. नुसतं निप्पल फिरतंय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बारीक तारेला पीळ बसत असतो. तो राहिला, तर सायकल रस्त्यावर जाताच तो 'टिण्ण' आवाज करून सुटतो आणि काढलेला आउट परत येतो.

उंचवटा बसला. रिम गोल दिसते आहे. आमच्या कॅमेरामनने आवराआवर सुरू केली. मिस्त्रींनी चाक सोडलेलं नाही.

(दृश्य : मिस्त्री बोटाने एकेक तार छेडतात. आवाज स्वच्छ ऐकू यावा, निवेदन थांबतं.)

टण्. टण्. टण्. टण्. थब्.

"ऐकलं?"

डबेवाल्यांनी ऐकलं होतं. ते गावाकडच्या भजनात पखवाज धरतात. पखवाज लावताना एकाच वादीवर जोर देऊन भागत नाही, हातोडी फिरवत सगळ्या बाजूंनी सारखा बोल काढावा लागतो. चाकाचं तेच. एका बाजूच्या सगळ्या तारा एका सुरात बोलल्या पाहिजेत. मागच्या चाकात उजवीकडे फ्रीव्हील, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, असल्यामुळे त्या बाजूचा सूर थोडा चढा असतो. म्हणून उजव्या तारेचा आवाज उजवीशी पडताळायचा, डावीचा डावीशी.

ही 'थब्' वाली जागा उंचवट्यापासून लांब, दुसऱ्या अंगाला आहे. इथे चार तारा ढिल्या आहेत. खडू लावून बघितलं तर रिम इथे आत गेलेली. एरवी रिम आत गेली म्हणजे तारांनी तिला जास्त ओढलंय, त्या सैल करायच्या. पण या तर आधीच सैल आहेत. म्हणजे रिमला तारांनी आत ओढलेलं नाही. रिमच चेपली आहे. खड्ड्याच्या कडेवर आपटून.

इथे चावीचा उपयोग संपतो. चार ढिल्या तारा आणखी सैल करून रिम बाहेर येणार नाही, कारण तार ढकलत नाही. शेजारच्या तारा इतक्या आवळता येतील की चाक डोळ्यांना गोल दिसेल. बरेच जण तेच करतात, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. मग त्या चाकात काही तारा मरणाच्या घट्ट आणि काही लोंबणाऱ्या, अशी वाटणी होते, आणि महिन्याभरात तारा तुटायला लागतात. आमच्या मते कारागीर ओळखायची जागा हीच. तो चाक नुसतं सरळ करून देतो, की कुठे थांबायचं ते सांगतो?

"रिम गेलीय, माऊली."

"ठोकून नाय निघायची?"

"निघेल. लाकडावर ठेवून ठोकतो आता. पण तुझ्या ओझ्याला ती टिकायची नाही. आज-उद्या चालव. रविवारी सायकल इथे टाक, रिम घेऊन ये. चाळीस भोकांची. बत्तीसची आणू नकोस."

(दृश्य : रविवार सकाळ. काळबादेवीच्या सायकल बाजारातून आणलेली नवी रिम, अजून कागदात गुंडाळलेली.)

रविवारी डब्यांना सुट्टी. नवी रिम जुन्या रिमला चिकटून ठेवली आहे, हवेच्या नळीचं भोक भोकासमोर, आणि दोन्ही सुतळीने बांधल्या आहेत. एकेक तार जुन्या रिममधून सुटते आणि नव्या रिमच्या त्याच भोकात जाते. पूर्ण चाक सुटं करून नव्याने विणायची गरज नाही. कुठली तार कुठे जायची हे जुनी रिमच सांगते. कोपरात झिजलेल्या तारा तेवढ्या नव्या. प्रत्येक निप्पल तारेचे आटे दिसेनासे होईपर्यंत फिरवलं, म्हणजे सगळ्यांची सुरुवात एका ठिकाणाहून. मग सगळ्यांना एकेक फेरा, पुन्हा सगळ्यांना अर्धा. ताण चढत जातो तसा खडू कमी-कमी ठिकाणी लागतो. शेवटी मिस्त्री दोन्ही हातांनी शेजारशेजारच्या तारांच्या जोड्या पकडून जोरात आवळतात. टिण्ण, टिण्ण. उरलेला पीळ इथेच सुटलेला बरा.

परवाचं काम तासाभराचं होतं. आज सकाळ गेली. नव्या रिमवर आउट काढणं सोपं असतं हे खरं, कारण ती मुळात गोल असते. चाक बांधायला वेळ लागतो तो ताण सारखा वाटण्यात.

"किती झाले, काका?"

मिस्त्री आकडा सांगतात. डबेवाले दोन नोटा काढतात, एक परत खिशात जाते, मग पुन्हा बाहेर येते.

"आठ दिवसांनी फिरवून जा. तारा जाग्यावर बसल्या की पाव-पाव फेरा द्यायला लागेल."

"त्याचे वेगळे?"

"त्याचे नाहीत. पण तोवर तार टिणटिणली तर स्वतः चावी लावू नकोस. मागच्या वेळी लावलीस ना?"

डबेवाले उत्तर देत नाहीत. सायकल फिरवतात, ब्रेक दाबून बघतात, पुन्हा एकदा दाबून बघतात.