आधी चार्जर, मग सेल

मंडळी, रिचार्जेबल सेल घ्यायचं ठरवलं की दुकानात आपण सेलवरचा आकडा बघतो आणि चार्जर सोबत जो मिळेल तो घेतो. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. पैसे चार्जरवर घाला. घरातले बरेच सेल वापरून नव्हे, चार्ज होताना मरतात.

आज मी बोलतोय ते निकेल-मेटल हायड्राइड सेलबद्दल. पाकिटावर ‘एनआयएमएच’ लिहिलेलं असतं. आपले नेहमीचे पेन्सिल सेल (एए), त्याच आकाराचे. पूर्वी यांची मोठी अडचण अशी होती की चार्ज करून ठेवलेला सेल नुसता पडून महिन्याभरात बराच उतरायचा. २००५ साली जपानच्या सान्यो कंपनीने ‘एनेलूप’ आणले आणि हे चित्र पालटलं. आता ‘लो सेल्फ-डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेले सेल वर्षभर कपाटात राहिले तरी बहुतांश चार्ज टिकवतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हेच घ्यावेत. ते कारखान्यातूनच काही प्रमाणात चार्ज होऊन येतात, पण पहिल्या वापराआधी एकदा पूर्ण चार्ज करा. बरेच दिवस दुकानात पडलेले सेल पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत कमी चालतात, मग सुधारतात. लगेच परत करायला धावू नका.

आकड्याचं म्हणाल तर पेन्सिल सेलला २००० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) उत्तम. २५००चे सेलही खरे असतात, पण जास्त क्षमता त्याच डबीत कोंबायची म्हणजे आयुष्य घटतं. एनेलूपचंच बघा: ते आता विकणाऱ्या पॅनासोनिक कंपनीच्या दाव्यानुसार साधा सेल २१०० वेळा चार्ज होतो, जास्त क्षमतेचा ५०० वेळा. ३०००च्या वरचा आकडा दिसला तर ते पाकीट तिथेच ठेवा.

आता चार्जर. स्वस्त चार्जर फक्त वेळ मोजतो. दहा तास म्हणजे दहा तास, सेल रिकामा असो की अर्धा भरलेला. त्यात मध्येच वीज गेली आणि परत आली, की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. आपल्याकडे हे किती वेळा होतं, तुम्हीच सांगा! भरलेल्या सेलमध्ये रेटलेली वीज साठत नाही, तिची उष्णता होते आणि त्या उष्णतेनेच सेल आतून सुकत जातो.

चांगला चार्जर सेलकडे लक्ष ठेवतो. चार्ज होताना सेलचा व्होल्टेज हळूहळू चढतो आणि सेल भरला की किंचित खाली येतो, अगदी काही मिलिव्होल्ट. ती घसरण दिसताच चार्जर थांबतो. पाकिटावर याला ‘मायनस डेल्टा व्ही’ म्हणतात. हा शब्द शोधा. करंट फार कमी असेल तर ही घसरण दिसतच नाही, म्हणून २०००च्या सेलला साधारण ५०० ते १००० मिलिअँपिअर ठीक. रात्रभर हळूहळू चार्ज केलेलं बरं, हा समज इथे तितकासा लागू नाही.

दुसरी गोष्ट, प्रत्येक खाचेला वेगळा दिवा हवा. सेल जोडीनेच लावावे लागत असतील तर चार्जर दोघांना एकत्र मोजतो आणि त्यांतला एक नेहमी जास्त किंवा कमी चार्ज होतो. वापरतानाही जोडी मोडू नका. चार सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना, अशक्त सेल घातला तर तो आधी रिकामा होतो, पण बाकीचे तिघे त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. त्याचे प्लस-मायनस उलटे होतात आणि तो कायमचा जाऊ शकतो. म्हणून एकत्र घेतलेल्या सेलवर पेनाने एकच खूण करा. टॉर्च मंद झाला की लगेच सेल काढा.

हे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५चे. त्यामुळे काही यंत्रं सेल भरलेला असतानाही ‘बॅटरी कमी’ दाखवतात. बी.पी.चं मशीन, मुलांची खेळणी, वायरलेस माउस, कॅमेऱ्याचा फ्लॅश इथे हे सेल खरोखर पैसे वाचवतात. भिंतीवरच्या घड्याळात साधा सेलच घाला. त्याला वीज इतकी थोडी लागते की तोच कितीतरी महिने पुरतो.

हल्ली यूएसबीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेलही मिळतात. दिसायला अगदी तसेच, पण ते या चार्जरमध्ये कधीही घालू नका. साधे अल्कलाइन सेलही नाही. फुटू शकतात, गळू शकतात. घरात मुलं असतील तर एनआयएमएच सेल आणि हे बाकीचे सेल वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.