झिरो माइलवरचा बांगडा

(दृश्य: पावसात भिजलेला झिरो माइलचा खांब, घोड्यांचे पुतळे. मागून ऑटो, स्कूटर.)

नागपूरचा झिरो माइल. इंग्रजांच्या काळात मोजणी खात्यानं रोवलेला हा खांब. शेजारच्या षट्कोनी दगडावर गावांची नावं आणि अंतरं कोरलेली आहेत. हैदराबाद आहे, रायपूर आहे, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आहे. समुद्राकाठचं गाव एकही नाही. मुंबई इथून रेल्वेनं ८३७ किलोमीटर.

या शहरात एका घरी आज दुपारी बांगड्याची आमटी आहे. तिरफळं घातलेली.

(दृश्य: सकाळचा मासळी बाजार. थर्माकोलच्या खोक्यावरची चिकटपट्टी सुरीनं कापली जाते.)

झाकण निघालं की आधी बर्फाचा चुरा दिसतो. तो हातानं बाजूला सारला की खाली निळसर-हिरव्या पाठी, त्यांवर वेड्यावाकड्या काळ्या रेघा. बांगडे. जुलै महिना चालू आहे, हे लक्षात ठेवा. १ जून ते ३१ जुलै कोकणात यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. मालवणात आज घरोघरी सुकं किंवा खाडीचं काहीतरी शिजतंय. आणि इथे, देशाच्या मधोमध, खोकं भरून बांगडा.

(क्लोज अप: खोक्यावर मार्करनं लिहिलेली तेलुगू अक्षरं.)

उत्तर खोक्यावरच आहे. हा माल बंगालच्या उपसागरातला. तिकडची मासेमारीबंदी १५ एप्रिलला लागते आणि १४ जूनला उठते. दोन्हीकडे दिवस तेवढेच, ६१. पण तारखा वेगळ्या. एप्रिल-मेमध्ये पूर्वेचा समुद्र बंद असतो तेव्हा पश्चिमेचा चालू असतो, आणि जुलैमध्ये उलटं. जूनचे पहिले चौदा दिवस तेवढे दोन्हीकडे कुलूप. किनाऱ्यावरच्या माणसाला एकच समुद्र असतो. नागपूरकराला दोन आहेत. हे आम्हालाही बाजारात उभं राहिल्यावर कळलं.

आणि 'आंध्राचा बांगडा, त्याला काय चव' असं कुणी म्हणालंच तर सांगायला एक गोष्ट आहे. बांगड्याचं शास्त्रीय नाव रॅस्ट्रेलिगर कानागुर्ता. यातलं कानागुर्ता मूळचं तेलुगू. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कोळी या माशाला जे म्हणत, ते १८०३ साली छापलेल्या एका इंग्रजी ग्रंथात आलं आणि तिथून शास्त्रात गेलं. आपण ज्याला जन्माचा मालवणी समजतो, त्याच्या दाखल्यावर आडनाव तिकडचं आहे.

(दृश्य: ड्रोन. समृद्धी महामार्ग, दोन्ही बाजूंना हिरवं रान, ढगांच्या सावल्या.)

हा समृद्धी महामार्ग. नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. शॉट सुंदर आला म्हणून ठेवलाय. आजचा बांगडा या रस्त्यानं आलेला नाही.

(दृश्य: पुन्हा बाजार. काकू वाकून मासे बघताहेत.)

या काकू. माहेर मालवणजवळचं. लग्न होऊन नागपुरात आल्या त्याला पस्तीस वर्षं झाली. मासेवाल्या बाई म्हणतात, "आजचाच माल हाये काकू, पाहा ना जी." काकू काही बोलत नाहीत. बोटानं कल्ला उचलतात. आत लालभडक हवं. तपकिरी दिसलं की मासा परत खोक्यात. मग डोळा, फुगीर आणि काचेसारखा. मग अंगठ्यानं पोट दाबून बघायचं. बांगडा तेलकट मासा, त्याचं पोट सगळ्यात आधी जातं. पाठ कितीही चमकू दे, पोट मऊ लागलं की गेला. पाच-सहा बांगडे असे परत जातात. मासेवाल्या बाईंना राग येत नाही. त्यांनाही हे गिऱ्हाईक माहीत आहे.

(क्लोज अप: अंगठा, पोट, दाब. चार सेकंद.)

बर्फ मध्येच तुटला तर बांगड्यात, सुरमईत हिस्टामिन तयार होतं. ते कितीही शिजवलं तरी जात नाही. अंगावर पित्त उठतं, डोकं ठणकतं. पुढे जाऊ.

शेजारच्या पाटीवर पापलेट आहे. २०२३पासून महाराष्ट्राचा राज्यमासा. तळहातापेक्षाही लहान पापलेटं इथे ढिगानं आहेत. ती इतकी लहान असताना जाळ्यात का आली, तो वेगळा विषय. काकू तिकडे वळूनही बघत नाहीत. पलीकडे रोहू, कतला, मरळ, म्हणजे विदर्भाच्या तळ्यांतली आणि भोई-ढिवरांच्या हातची मासळी. गर्दी खरी तिथे आहे.

(दृश्य: नोव्हेंबरमधला मालवणचा किनारा. रापण. दोन रांगांत माणसं दोर ओढताहेत.)

काकूंच्या जिभेवरचं माप इथलं आहे. हे आम्ही गेल्या नोव्हेंबरात टिपलं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. एक दोर काठावर धरून ठेवायचा, होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दुसरा दोर काठाला लावते. मग दोन्ही बाजूंनी माणसं लागतात. मागे मागे सरकत, टाचा वाळूत रोवून. रांगेच्या शेवटाला पोचलेला माणूस दोर सोडतो आणि पळत पाण्याजवळ जाऊन पुन्हा पहिला होतो. दोन रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात. वर घारी आणि बगळे आधीच जमलेले असतात, माणसांच्या आधी त्यांना कळतं. जाळ्याचं पोट काठाला लागलं की पाणी उकळल्यासारखं दिसतं.

(नैसर्गिक आवाज. निवेदन नाही. बारा सेकंद.)

मग वाटे पडतात. दोर ओढणाऱ्यांचे, होडीचे, जाळ्याचे. पोरांच्या हातात दोन-दोन बांगडे. काकू त्या पोरांतल्याच एक.

असा बांगडा नागपुरात येत नाही. काकूंना ते पहिल्या वर्षीच कळलं. माशाचं तास-दोन तासांचं ताजेपण आणता येत नाही, पण वाटण आणता येतं, आणि त्यात त्यांनी तडजोड केली नाही. हॉटेलांच्या पाट्यांवर 'अस्सल मालवणी' वाचून आम्ही या शहरात तीन ठिकाणी जेवलो. तिन्हीकडे कांदा-टोमॅटोचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, आत सुरमई. सुरमई चांगली होती. रस्सा चिकनचाही चालला असता.

(दृश्य: काकूंचं स्वयंपाकघर. खोवणीवर नारळ.)

आता ही आमटी नीट बघा. ओला नारळ. विदर्भात वाटणाला सुकं खोबरं भाजून घेतात. ते इथे चालत नाही. भिजवलेल्या बेडगी मिरच्या रंगासाठी, दोन तिखट मिरच्या झणक्यासाठी. थोडे धणे, हळद. लसूण नाही, कांदा नाही, गरम मसाला नाही. काकूंकडे मिक्सर आहे, पण कॅमेरा आला म्हणून की काय, आज पाटा काढलाय. वरवंटा पुढे जातो, मागे येतो, नारळाचं दूध सुटतं, केशरी गोळा पाट्याच्या कडेला जमतो. तो हातानं निपटून टोपात, आणि पाटा धुतलेलं पाणीही त्यातच.

काकू म्हणतात, "नुसता तिखट घातल्यान मालवणी होणा नाय."

(क्लोज अप: तळहातावर तिरफळं.)

ही तिरफळं. मिऱ्यापेक्षा थोडी मोठी, वाळून उकललेली, आतली काळी बी काढून टाकलेली. कामाचं आहे ते साल. ती वाटायची नाहीत, कडू होतात. बत्त्यानं नुसती चेचायची. वास संत्र्याच्या सालीच्या जवळचा, आणि मागून जिभेला मुंग्या. बांगड्याचा, तारल्याचा तेलकट वास मारायला कोकणात हेच लागतं. नागपूरच्या बाजारात ती सहज मिळत नाहीत. काकूंकडे काचेची बरणी आहे, मे महिन्यात माहेराहून आलेली. तिच्या शेजारी आमसुलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, पण बरणीवर नुसतं 'वहिनी' लिहिलंय.

वाटणाला उकळी आली. तिरफळं आणि आमसुलं गेली. मग बांगड्याचे तुकडे, डोक्यासकट. आता डाव लावायचा नाही. फडक्यानं टोपाचे कान धरून टोपच गोल हलवायचा, म्हणजे तुकडा मोडत नाही. सात-आठ मिनिटं. शेवटी चमचाभर कच्चं खोबरेल आणि झाकण. फोडणी नाहीच.

(दृश्य: माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली येतात.)

आणि जूनच्या त्या चौदा दिवसांचं काय? त्याला हे डबे. सुके बांगडे, सोडे, जवळा, बोंबील. पावसाआधी भरायची ही आगोट. किनाऱ्यावर करतात तशीच इथेही. ताज्या बोंबलाच्या अंगात पाणीच जास्त, एवढा प्रवास त्याला सोसत नाही. सुका मात्र ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बिनतक्रार येतो. तक्रार बाकीचे प्रवासी करतात. तो प्रसंग आमच्याकडे चित्रित नाही, काकू मात्र साभिनय सांगतात.

आमच्या मते समुद्राची अस्सल चव इथे कुठे असेल तर ती या डब्यांत आहे. पण माळ्यावर उजेड कमी होता, शॉट फार नाहीत.

(दृश्य: जेवणाची ताटं. भात, आमटी, तळलेली तुकडी. खिडकीबाहेर पाऊस.)

आज शेजारचं कुटुंब जेवायला आहे. मूळचे भंडाऱ्याचे, तळ्यातल्या माशावर वाढलेले. काकू वाढतात, सांगतात, तिरफळं चावायची नाहीत, चोखून ताटाच्या कडेला ठेवायची. सगळे माना डोलावतात.

(क्लोज अप: काकूंच्या ताटाच्या कडेला ओळीनं पाच तिरफळं.)

(क्लोज अप: शेजारच्या काकांचा चेहरा. घास थांबलेला. एक तिरफळ दाताखाली आलंय.)

(काकूंचं हसू. पावसाचा आवाज. काळा पडदा.)