खोका एक, बिअरींची वयं वेगळी

वेगवेगळ्या बिअरच्या कॅनचा मिश्र पॅक हातात आला की नजर आधी कॅनवरच्या रंगीत चित्रांकडे जाते. तुम्ही मात्र कॅन उलटा करून तळाची तारीख वाचा. पिल्सनर (हलकी, सोनेरी), गव्हाची बिअर, फळांची आंबट बिअर, आयपीए (हॉप्स या कडवट, सुवासिक फुलांचा भरपूर वापर असलेली) आणि स्टाउट (काळी, जड) सहसा एकाच दिवशी भरलेल्या नसतात. एकेक टाकी तयार होईल तशी ती कॅनमध्ये भरली जाते आणि खोका मागाहून जुळवला जातो. त्यामुळे खोका कालचा असला तरी आतली आयपीए दोन महिन्यांची असू शकते. आणि नेमकी तीच सगळ्यांत आधी उतरणीला लागते.

याचं कारण ऑक्सिजन. कॅनमध्ये उजेड अजिबात शिरत नाही, त्यामुळे हिरव्या बाटलीतल्या बिअरला उजेडाने येतो तो उग्र, कुबट वास कॅनला येत नाही. हवेचं मात्र तसं नाही. ती भरतानाच आत राहू शकते. म्हणून रिकाम्या कॅनमध्ये आधी कार्बन डायऑक्साइड सोडून हवा हाकलतात. मग शून्याच्या आसपास थंड केलेली बिअर तळापासून वर चढवतात आणि वर आलेल्या फेसावरच झाकण टेकवतात. फेस कमी पडला, तर झाकणाखाली हवा अडकते. बिअर थोडी जरी गरम असली, तर फेस उतू जातो आणि कॅन कमी भरतो. विरघळलेला ऑक्सिजन अब्ज भागांत ५० भागांच्या आत राहावा, यासाठी ब्रुअरींची धडपड असते. एवढ्याशा आकड्यासाठी इतकी उस्तवार कशाला, असं वाटेल. पण गढूळ आयपीएला त्याहून थोडा जास्त ऑक्सिजन मिळाला की पिवळसर-केशरी रंग मळकट तपकिरी होतो, फळांसारखा सुवास जातो आणि मागे नुसता गोडसर कडवटपणा उरतो. पिल्सनरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. तगडी स्टाउट मात्र हे बरंच पचवते. तिच्यात मनुकांसारखी छटा येते आणि ती काहींना आवडतेही.

म्हणून संपवायचा क्रम असा ठेवा: आयपीए आधी, मग पिल्सनर आणि गव्हाची बिअर. स्टाउट थांबू शकते. तोवर सगळा खोका फ्रिजमध्येच असू द्या. ढोबळ हिशेबाने तापमान १० अंशांनी वाढलं की बिअर दुप्पट वेगाने म्हातारी होते.

एका बैठकीत सगळ्या चाखायच्या असतील, तर क्रम निराळा. हलकीपासून जड बिअरकडे, म्हणजे पिल्सनर, गव्हाची, आंबट, आयपीए आणि शेवटी स्टाउट. आयपीए आधी घेतली, तर हॉप्सच्या कडवटपणामुळे पिल्सनर पाण्यासारखी लागेल. पिल्सनर ४ ते ६ अंशांवर ठीक. स्टाउट १० ते १२ अंशांवर खुलते, तेव्हा ती अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवा. कॅन मोजून किती प्यायलो हे मात्र ठरवू नका. १० टक्क्यांच्या स्टाउटच्या ३३० मिलिलिटर कॅनमध्ये ३३ मिलिलिटर मद्यार्क असतो, ४.५ टक्क्यांच्या पिल्सनरच्या तेवढ्याच कॅनमध्ये जेमतेम १५.

प्या ग्लासातून, कॅनच्या भोकातून वास पोचत नाही. गव्हाच्या बिअरमधला केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टचा असतो, आत केळं घातलेलं नसतं. दोन तृतीयांश बिअर ओता, उरलेली कॅनमध्ये हलकेच फिरवून तळाच्या यीस्टसकट ओता. आयपीएच्या बाबतीत उलट करा. तिच्या तळाशी हॉप्सचा गाळ असेल, तर तो घशाला खवखवतो, म्हणून शेवटचा घोट कॅनमध्येच राहू द्या.

आंबट फळबिअरला जपायचं ते वेगळ्याच कारणाने. फळांची साखर शिल्लक असेल आणि बिअर पाश्चराइझ केलेली, म्हणजे तापवून यीस्ट मारलेली नसेल, तर उबेला यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि दाब चढतो. कॅनचा खोलगट तळ बाहेर फुगलेला दिसला, तर कॅन जोरात हलवू नका, तोंडाजवळ नेऊ नका आणि गोठवूही नका. शक्य तेवढा थंड करा, जाड कापडात गुंडाळून मोरीत ठेवा आणि चेहरा लांब ठेवून झाकण अगदी किंचित उचला. गॅस पूर्ण निघून गेला की बिअर ओतून द्या. त्याच तारखेचे बाकीचे कॅनही तपासा.