जुन्या टाकीचं आधी आजारपण विचारा

मंडळी, विषय जाहीर झालाय तो वापरलेली खाऱ्या पाण्याची टाकी नव्या मांडणीसाठी तयार करण्याचा. त्यावर येतोच. तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेला नाक लावून लहानाचे मोठे झालेले इथे निम्मे तरी असतील, त्यामुळे समुद्री मासे का पाळायचे ते सांगत बसत नाही. पण घासणी हातात घेण्याआधी विचारायचा एक प्रश्न आहे, आणि तो कुणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं. या टाकीत कधी कॉपर, म्हणजे माशांच्या रोगावरचं तांब्याचं औषध, टाकलं होतं का?

मी एकदा चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी घेतली, दगड-वाळूसकट. विकणारे गृहस्थ घर बदलत होते. आठवडाभर घासली. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुतली, दगड ब्रशने साफ केले. घरभर व्हिनेगरचा वास. शेजारच्या काकू विचारून गेल्या, लोणचं घातलंत का? सायकल, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू टाकीत रुजण्याचा काळ, पूर्ण झाली, दोन क्लाउनफिश सोडले, मजेत खेळायला लागले. मग दोन क्लीनर श्रिंप, म्हणजे छोट्या कोळंब्या, आणल्या. सकाळी दोन्ही आडव्या. प्रवासाने दमल्या असतील म्हणून आणखी दोन आणल्या, दीड तास थेंबथेंब पाणी देत सरावल्या. त्याही गेल्या. घनता १.०२५, अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, मासे ठणठणीत! शेवटी त्या गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, “हो, माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला होता, दोनदा कॉपर दिलं. मासे वाचले की!” त्यांनी लपवलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. त्या चार कोळंब्या मला अजून आठवतात.

कोळंबीच्या रक्तातच तांबं असतं, त्यावरच ती प्राणवायू वाहते. पण पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारतं. ठिपक्यांवरच्या उपचारात लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबं ठेवतात. मासा ते सोसतो; कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ सोसत नाहीत. चुनखडीचे दगड आणि वाळू ते धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडतात. म्हणून कॉपरचा इतिहास असेल, किंवा इतिहास कळतच नसेल, तर दगड-वाळू टाकून द्या. काच ठेवा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. भराभर सांगतो.

जांभळा थर आणि किड्यांच्या नळ्या म्हणजे चुनाच. पांढऱ्या व्हिनेगरने सुटतो. काचेवर ब्लेड चालेल, सिलिकॉनच्या सांध्याजवळ नाही. ॲक्रिलिकवर अजिबात नाही. ब्लीच वापरायचं असेल तर वेगळ्या दिवशी, मधे भरपूर धुऊन. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू होतो. ब्लीचनंतर हायपो (क्लोरीन घालवणारं द्रव्य) घाला, मग वाळवा. पंप आणि स्किमर (फेसावाटे घाण काढणारं यंत्र) व्हिनेगरच्या पाण्यात चालवा.

जुन्या दगडावर झोअँथिड (फुलांसारखे दिसणारे मऊ समुद्री जीव) असतील तर उकळू नका, उघड्या हाताने घासू नका. त्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं आणि ते वाफेबरोबर घरात पसरून माणसं गंभीर आजारी पडली आहेत. नवा दगड मालवणच्या किनाऱ्यावरून उचलू, असं मनातही आणू नका. तो प्रवाळाचा असू शकतो, आणि कठीण प्रवाळांना २००१पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

मग गळतीची परीक्षा. सपाट जागा, खाली फोम, साधं पाणी काठोकाठ, दोन दिवस. माझ्या त्या टाकीत अडीचशे लिटर मावतं, म्हणजे अडीचशे किलो. स्टँड आधी तपासा. पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, मीठ त्यात वेगळ्या पिंपात विरघळवून. जीव सोडण्याआधी चार ते सहा आठवड्यांची सायकल होऊ द्या, आणि अमोनियाबरोबर कॉपरचीही चाचणी करा.

कॉपरचं टेस्ट किट मी पिशवीत आणलंय. ज्यांनी आपल्या टाकीचं पाणी बाटलीतून आणलं असेल, त्यांनी चहाच्या टेबलापाशी या.