भरतीआधीची चाळणी

सैन्यात भरती कोण होते, असे विचारले की बहुतेक जण एकच उत्तर देतात: ज्यांच्यापुढे दुसरा मार्ग उरलेला नसतो, अशी गरिबाघरची मुले. हे उत्तर निराधार नाही, कारण फार मोठ्या काळासाठी ते खरे होते. अमेरिकेतील यादवी युद्धात १८६३ च्या कायद्यानुसार सक्तीच्या भरतीत नाव निघालेल्या माणसाला ३०० डॉलर भरून सुटका करून घेता येत असे, किंवा आपल्या जागी दुसरा माणूस उभा करता येत असे. साध्या मजुराची ती जवळजवळ वर्षभराची कमाई होती. त्याच वर्षी जुलै महिन्यात न्यूयॉर्क शहरात दंगली उसळल्या, त्यामागे या तरतुदीवरचा संताप होता, आणि त्या संतापाला बळी पडले ते शहरातील निरपराध कृष्णवर्णीय रहिवासी. फ्रान्समध्ये पैसे देऊन बदली शिपाई पाठवण्याची प्रथा १८७२ पर्यंत टिकली. ब्रिटनमध्ये व्यवहार उलट्या दिशेने चाले: श्रीमंत घरातील तरुण पायदळात किंवा घोडदळात अधिकारपद चक्क विकत घेत असे, आणि ही खरेदी-विक्री १८७१ साली बंद झाली.

विसाव्या शतकात पैशाचे हे काम शिक्षणाने हाती घेतले. व्हिएतनाम युद्धाच्या काळात महाविद्यालयात शिकणाऱ्या अमेरिकी तरुणाची भरती पुढे ढकलली जाई, त्यामुळे ज्याच्या घरी शिक्षणाचा खर्च पेलण्याची ऐपत होती त्याला निदान काही वर्षांचा अवधी मिळे, आणि कारखान्यात किंवा शेतावर राबणाऱ्या त्याच्याच वयाच्या मुलाला तो मिळत नसे. त्याहून क्लेशदायक गोष्ट १९६६ साली घडली. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा यांनी प्रवेशपरीक्षेचे निकष खाली आणले आणि पूर्वी नापास ठरणाऱ्या तीन लाखांहून अधिक तरुणांना सैन्यात घेतले. त्यांना चांगले शिक्षण आणि हाताला कसब मिळेल, असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात ते थोड्यांनाच मिळाले, आणि लढाऊ तुकड्यांत मात्र त्यांची संख्या प्रमाणाबाहेर भरली.

१९७३ साली अमेरिकेने सक्तीची भरती थांबवली. आता पगारासाठी फक्त सर्वांत गरीब लोक येतील, अशी भीती त्या वेळी अनेकांनी बोलून दाखवली होती. पुढची आकडेवारी वेगळे चित्र दाखवते. भरती झालेले तरुण ज्या वस्त्यांतून येतात, त्या वस्त्या उत्पन्नानुसार पाच समान गटांत विभागल्या तर मधल्या तीन गटांचा वाटा सर्वांत जड भरतो. सर्वांत श्रीमंत गटातून मुले कमी येतात, आणि सर्वांत गरीब गटातूनही किंचित कमीच येतात. ही मोजणी वस्तीच्या उत्पन्नाची आहे, घराच्या नव्हे, त्यामुळे मध्यम वस्तीतील ओढगस्तीचे घर तिच्यात दिसत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. तरीही तळातील मुले गळतात कुठे, याचे उत्तर प्रवेशपरीक्षेत सापडते.

ही परीक्षा जवळून पाहू. पात्रतेचा गुणांक चार भागांवरून काढतात: शब्दांचे अर्थ, उताऱ्याचे आकलन, व्यवहारातील अंकगणित आणि शालेय गणित. त्यातून निघणारा आकडा हा पर्सेंटाइल असतो, म्हणजे ५० गुणांक मिळवणारा तरुण आपल्या वयोगटातील साधारण निम्म्या मुलांच्या पुढे असतो. दहाच्या खाली गुणांक असलेल्याला कायद्यानेच प्रवेश नाही. १० ते ३० या पट्ट्यातील मुले एका मर्यादेपलीकडे घेता येत नाहीत. शिवाय साधारणपणे शाळा पूर्ण केल्याचा डिप्लोमा हवा, आणि त्यामागे सैन्याचा रोकडा हिशेब आहे: डिप्लोमा असलेल्यांच्या तुलनेत शाळा अर्ध्यावर सोडलेले तरुण पहिली मुदत पूर्ण होण्याआधीच फार मोठ्या प्रमाणात बाहेर पडतात. यात वजन, जुने आजार, अमली पदार्थ आणि पोलिसांतील नोंदी यांची भर घाला. संरक्षण खात्याच्या २०२० च्या पाहणीनुसार १७ ते २४ या वयातील ७७ टक्के अमेरिकी तरुण विशेष सवलतीशिवाय भरतीस पात्रच ठरत नाहीत. ज्या वस्तीत शाळा कमकुवत आणि दवाखाना दूर असतो, तिथे यातील बहुतेक कारणे एकाच मुलाच्या वाट्याला येतात.

मग भरती कार्यालयापर्यंत पोहोचतो तो कोण? बहुधा असा तरुण, ज्याची महाविद्यालयात जाण्याची कुवत आहे, पण घरची ऐपत नाही. २००९ पासून लागू असलेल्या माजी सैनिक शिक्षण योजनेत तीन वर्षांच्या सक्रिय सेवेनंतर राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठाची पूर्ण फी आणि राहण्याचा भत्ता मिळतो, आणि अधिक काळ सेवा करणाऱ्याला हा लाभ आपल्या मुलांच्या नावे करता येतो. अशा घराला ही योजना कर्जाशिवाय पदवीपर्यंत नेते. सैनिकांच्या घरातूनच पुन्हा सैनिक निघण्याचे प्रमाणही मोठे आहे, कारण या वाटेचे खाचखळगे त्या घरांना ठाऊक असतात.

वर्गाची खरी भिंत मात्र माझ्या मते आत गेल्यावर लागते. सैन्यात शिरण्याची दारे दोन आहेत. अमेरिकेत अधिकारी होण्यासाठी साधारणपणे पदवी लागते, शिपायाला शाळेचा डिप्लोमा पुरतो. ब्रिटनमध्ये हे अंतर अधिक उघडे दिसते. तिथे सुमारे ७ टक्के मुले खासगी शाळांत शिकतात, आणि २०१९ च्या एका अभ्यासात वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांपैकी जवळपास निम्मे अशाच शाळांतून आलेले आढळले. त्याच देशात सोळाव्या वर्षी शाळा संपवून शिपाई म्हणून सैन्यात दाखल होता येते. एकाच तुकडीत आदेश देणारा आणि तो पाळणारा यांच्या वाटा बालवयातच वेगळ्या झालेल्या असतात, आणि खालून वर जाणारे गुणी लोक असले तरी ते थोडे असतात.

२०२२ साली अमेरिकी भूदलाला ६०,००० जवान हवे होते. सुमारे १५,००० कमी पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साउथ कॅरोलायनातील फोर्ट जॅक्सन येथे एक पूर्वतयारी वर्ग सुरू झाला. परीक्षेत थोडक्यात मागे पडलेल्या किंवा वजनात न बसलेल्या मुलांना तिथे ९० दिवसांपर्यंत शिकवले आणि घडवले जाते. गणित आणि वाचन, दोन्ही शाळेच्याच पातळीचे. त्यांतील बहुतेक मुले पुढच्या प्रयत्नात पात्र ठरतात आणि इतरांबरोबर मूलभूत प्रशिक्षणाला जातात.