दोन टूडी इकोंच्या मधलं वर्ष

नागपूरच्या धंतोलीतली सकाळ. हृदयरोगाच्या दवाखान्यांबाहेर चंद्रपूर-गडचिरोलीची, पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याची माणसं नंबर लावून बसली आहेत. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल. त्या फाइलमधला मागच्या वर्षीचा टूडी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, हा आजच्या तपासणीतला सगळ्यात मोलाचा कागद. आणि नेमका तोच पुष्कळदा घरी राहतो.

एओर्टिक झडप, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त सोडणारं दार, किती अरुंद झाली आहे, हे एका तपासणीत कळतं. किती वेगाने अरुंद होते आहे, हे कळायला दोन लागतात.

पडद्यावर दिसते ती तीन पाकळ्यांची झडप. निरोगी असताना ती ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. वयाबरोबर पाकळ्यांत कॅल्शियम साचतं, त्या ताठरतात. जन्मतः दोनच पाकळ्या असतील, तर हे बरंच लवकर घडतं. वाट अरुंद झाली की तेवढंच रक्त जास्त वेगाने सुटतं, आणि इकोमधला डॉप्लर ध्वनिलहरींनी हाच वेग मोजतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की झडपेच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो: सेकंदाला ३ मीटरला ३६ मिलिमीटर पारा, ४ मीटरला ६४. वेग ४ वर पोचला, सरासरी दाबफरक ४० झाला किंवा उघडीप १ चौरस सेंटिमीटरवर आली, की आजार तीव्र.

मध्यम आजारात रक्ताचा हा वेग वर्षाला सरासरी ०.३ मीटरने वाढतो आणि उघडीप ०.१ चौरस सेंटिमीटरने घटते. पण ही सरासरी. कुणाची झडप वर्षानुवर्षं जागची हलत नाही, कुणाची भराभर बिघडते. डायलिसिसवरच्या रुग्णांत बिघाड बहुधा लवकर होतो. इकोवर मात्र सर्वांत बोलकी खूण म्हणजे पाकळ्यांवरची पांढरी चकाकी, अर्थात कॅल्शियम. २००० साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी तीव्र आजार असूनही लक्षणं नसलेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या झडपेत कॅल्शियम बरंच होतं आणि वेग वर्षभरात ०.३ मीटर किंवा अधिक वाढला, अशा पाचातल्या जवळपास चौघांना दोन वर्षांत शस्त्रक्रिया लागली किंवा मृत्यू आला.

म्हणजे सगळा भार या ०.३ वर. आणि एवढी चूक हातून सहज होते.

डॉप्लरची रेघ रक्ताच्या धारेशी २० अंश तिरपी गेली, तर ३.४ चा वेग ३.२ दिसतो. ३० अंशांना तो २.९ होतो. मागच्या वर्षी तिरपी रेघ, यंदा सरळ, की झडप जागची न हलता ‘झपाट्याने वाढ’ असं लिहिलं जातं. म्हणून केवळ हृदयाच्या टोकाकडून मोजून भागत नाही. रुग्णाला उजव्या कुशीवर वळवायचं, छातीच्या हाडाच्या उजवीकडे पेन्सिल प्रोब (फक्त वेग मोजणारा बारीक प्रोब) टेकवायचा. कित्येकदा सर्वांत मोठा आकडा तिथेच सापडतो. तो कुठून घेतला, हे रिपोर्टात लिहायलाच हवं. बहुतेक रिपोर्टांत ते नसतं.

उघडीप काढायला झडपेच्या खालच्या मार्गाचा व्यास लागतो, आणि त्याचाही वर्ग होतो. २ सेंटिमीटर धरला तर उघडीप ०.९ येते, तोच २.२ धरला तर जवळपास १.१. दोन मिलिमीटरच्या फरकाने तीव्र आजार मध्यम झाला! प्रौढ माणसात हा व्यास वर्षभरात सहसा बदलत नाही. दोन रिपोर्टांत वेगळा दिसला, तर आधी मोजमापावर शंका घ्यावी.

विदर्भाची आणखी एक अडचण. इथे सिकलसेल हा तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. हिमोग्लोबिन घसरलं की हृदय जास्त रक्त ढकलतं आणि झडप तशीच असूनही वेग चढतो. तापातही तेच. उलट मे महिन्यात, पारा ४५ कडे असताना, शरीरातलं पाणी आटलेला रुग्ण टेबलावर आला तर वेग कमी भरू शकतो. त्यामुळे इकोच्या वेळचा रक्तदाब आणि अलीकडचं हिमोग्लोबिन आकड्यांशेजारी लिहिलेलं बरं. नाडी अनियमित असेल, तर किमान पाच ठोक्यांची सरासरी.

सर्वांत फसवा प्रकार वेगळाच. वेग मागच्या वर्षी ३.८, यंदा ३.३. घरचे खूश. पण हृदयच थकलं असेल, तर धार मंदावते आणि झडप आणखी अरुंद झालेली असू शकते. इथे झडपेखालच्या आणि झडपेतल्या वेगाचं गुणोत्तर पाहायचं, ०.२५ च्या खाली गेलं तर सावध. तरी उलगडलं नाही, तर सीटी स्कॅनवर झडपेतल्या कॅल्शियमचा स्कोअर: पुरुषांत २०००, स्त्रियांत १२०० च्या वर गेला तर आजार तीव्र असण्याचीच शक्यता जास्त.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांनी झडप अरुंद होण्याची ही गती मंदावत नाही, हे मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. हाती उरते वेळेवरची तपासणी: सौम्य आजारात तीन ते पाच वर्षांनी, मध्यमात एक-दोन वर्षांनी, तीव्र आजारात सहा महिने ते वर्षाने.

दम, छातीत दुखणं किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट पाहायची नाही. ‘त्रास होतो का’ म्हटलं की उत्तर बहुधा ‘नाही जी’ असंच येतं, कारण माणसाने जिने चढणंच सोडलेलं असतं. मागच्या पोळ्याला करत होता ते कोणतं काम यंदा सोडलं, हे सोबत आलेल्या माणसाला विचारावं.